गोगोची पिन

मी यंत्राला आजी म्हणतो याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. चिंगोल्याबाहेरच्या दगडखाणीत मी पोकलेन चालवतो, आणि ही एकच पोकलेन इतकी वर्षं चालवली आहे की तिच्या सीटला माझ्या बुडाचा आकार आला आहे. तिचं नाव गोगो. आमच्याकडे आजीला गोगो म्हणतात. आजीसारखीच ती सकाळी कुरकुरत उठते, एकदा उठली की दिवस मावळेपर्यंत थांबत नाही, आणि परक्या माणसानं हात लावला तर अडून बसते. माझी बायको म्हणते, तुला माझ्या खोकल्याआधी गोगोचा खोकला ऐकू येतो. ते खरं आहे, पण मी कबूल करत नाही.

त्या थंडीत गोगोचं कोपर धरलं. पोकलेनच्या हाताला दोन हाडं असतात. वरचं बूम, खालचं आर्म, आणि दोघांना जोडणारी मांडीएवढी जाड पोलादी पिन. पिनच्या भोवती बुश असतो, म्हणजे पोलादाची बाही. ग्रीस मिळालं की पिन त्यात मजेत फिरते. आम्ही रोज सकाळी इमानेइतबारे ग्रीस भरत होतो, पण आतली वाट बुजलेली होती आणि सगळं ग्रीस कडेनंच बाहेर येत होतं. पिनला थेंबही मिळत नव्हता. ती कोरडी पडली, तापली, गंजली आणि शेवटी बुशात जाम होऊन बसली. हात हलवला की गोगो अशी किंचाळायची की खाणीतली माणसं कानांवर हात ठेवायची.

आमचे मॅनेजर सिमुकोंडा वाईट माणूस नाहीत. ते मला ऑफिसात बोलवू शकले असते, पण स्वतः चालत गोगोपाशी आले.

"जेरे," ते म्हणाले, "पिन निघाली तर नवा बुश, नवी पिन घालू. दोन्ही येऊन पडलेत. नाही निघाली तर लुसाकाच्या मुख्य ऑफिसचा हुकूम आहे, आर्म कापायचा आणि यंत्र भंगारात द्यायचं. किटव्याचा भंगारवाला शनिवारी दुपारी ट्रेलर पाठवतोय."

"आणि मी?"

ते बुटानं खडी उकरत राहिले. नवं यंत्र येणार होतं, आणि नव्या यंत्रावर लुसाकाचे लोक तिशीतली, सर्टिफिकेटवाली माणसं बसवतात. माझे केस पिकलेत आणि माझं सर्टिफिकेट म्हणजे गोगोची सीट. ती गेली की मला कुठलीच सीट नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मग आम्ही अडाण्यांनी करायचं ते सगळं केलं. साखळीला रुळाचा तुकडा टांगून झोके देऊन पिनवर आदळला. घण मारले. पिन हलली नाही, तिचं डोकं मात्र चेपून पसरट झालं. शेवटी सिमुकोंडा म्हणाले, "बानासाम्पाला बोलावू."

माझं तोंड कडू झालं. बानासाम्पा म्हणजे साम्पाची आई. तिचं स्वतःचं नाव कुणालाच ठाऊक नाही. तांब्याच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये ती फिटर होती, आणि आता जुनी पिकअप घेऊन जिथं पिन अडकेल तिथं जाऊन काढून देते. सोल्वेझीपासून न्दोल्यापर्यंत जिथं पिन अडते तिथं तिचं नाव निघतं. तिच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच की ती बेम्बा जमातीची आणि मी न्गोनी.

म्हणजे भांडण नाही. आमचं थट्टेचं नातं. आमच्या पणजोबांच्या काळात न्गोनी आणि बेम्बा एकमेकांच्या अंगावर भाले घेऊन धावत होते. मग दोघांनाही कंटाळा आला असावा, आणि भाल्यांऐवजी जीभ चालवायचं ठरलं. तेव्हापासून बेम्बा दिसला की न्गोनीनं त्याला माकडखाऊ म्हणायचं आणि त्यानं उलट उंदीरखाऊ म्हणायचं. राग धरायचा नाही. धरला तर दंड म्हणून कोंबडी. मयताच्या घरीसुद्धा ही थट्टा थांबत नाही, उलट तिथं तर हक्कानं चालते.

म्हणून आमच्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. थट्टेच्या नात्यातल्या माणसानं अचानक मानानं बोलायला सुरुवात केली की समजायचं, काहीतरी वाईट घडलंय. माझा भाऊ आजारी होता तेव्हा वॉर्डातली बेम्बा नर्स मला रोज विचारायची, भावासाठी उंदीर भाजून आणलास का. एके सकाळी ती म्हणाली, "बा जेरे, आपण जरा बसता का?" बा हा आमच्याकडचा मानाचा शब्द. तो तिच्या तोंडून ऐकला आणि पुढचं मला ऐकावंच लागलं नाही.

शनिवारी सकाळी पिकअप आली. गाडी चालवत होता बाशीसाम्पा, म्हणजे साम्पाचा बाप. हा लुकडा, शांत माणूस पूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. आता तो बायकोच्या जॅकचा पंप मारतो. शेजारच्या सीटमधून बानासाम्पा उतरली, आणि गाडी एका बाजूनं वर उचलली गेली. अंगात खाणीतला जुना डगला, कमरेला चितेंगे, म्हणजे फुलाफुलांचं कापड, गुंडाळलेलं, डोक्याला घट्ट फडकं. तिनं गोगोला चाकापासून बकेटपर्यंत न्याहाळलं. खरं तर गोगोला चाकं नाहीत, पट्टे आहेत, पण तिची नजर तशीच खालून वर गेली.

"मला सांगितलं पोकलेन आहे," ती सिमुकोंडांना म्हणाली. "हा तर न्गोनींचा उंदरांचा सापळा दिसतोय."

"सांभाळून," मी म्हणालो. "फार वर चढू नकोस. उंचावर गेलं की तुम्हा लोकांना माकडं दिसतात आणि भूक लागते."

"हा ड्रायव्हर का?"

"ऑपरेटर."

"उंदरांचा?"

बाशीसाम्पा गालात हसला आणि होज उतरवायला लागला. मला बरं वाटलं. माझ्यावर बोलतेय म्हणजे अजून आशा आहे, असा मी हिशेब केला.

तिनं आधी हात लावला तो नुसताच. पिन ज्या जाड कड्यांमधून जाते त्यांना आम्ही कान म्हणतो. तिनं दोन्ही कानांवर तळवे ठेवले, कडेचं काळं पडलेलं ग्रीस बोटावर घेऊन हुंगलं, आणि मग ते चेपलेलं डोकं बघितलं.

"हे कुणी केलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणालो.

"पाहुण्याला दारातून बाहेर काढायचंय आणि तुम्ही आधी त्याला फुगवताय. बाहेरची पट्टी काढलेली दिसतेय. आणखी कुठं अडकवलंय?"

"खालून एक आडवी खिळी आहे. मागं पिन गरगर फिरायला लागली होती, तेव्हा चिशालानं भोक पाडून आत ठोकली." चिशाला आमचा वेल्डर. गुरुवारी रात्रीच काकाच्या मयताला कासामाला गेला होता.

"ती काढली?"

"काढली. कालच मेसेज करून विचारलंय."

तिनं खाली वाकून बघितलं. भोक ग्रीस आणि दगडाच्या भुकटीनं गच्च भरलेलं. तिनं मान डोलावली आणि कामाला लागली.

आता काम कसं असतं ते सांगतो, कारण मी तोपर्यंत असं काम बघितलं नव्हतं. आधी ग्राइंडरनं ते पसरट डोकं घासून पिनच्या मापात आणलं. मग एका बाजूला जॅक, दुसऱ्या बाजूला पोकळ नळकांडं, आणि दोघांना बांधणाऱ्या मनगटाएवढ्या जाड सळ्या. जॅक पिनला ढकलणार, आणि पलीकडे नळकांड्यात पिनला बाहेर यायला जागा. झोके नाहीत, घण नाही, आरडाओरडा नाही. सळ्या दोन्हीकडे सारख्या ताणल्यात का, हे ती पान्यानं टिचकी मारून आवाजावरून बघत होती, आणि बाशीसाम्पा पंपापाशी उभा राहून मान हलवून सांगत होता, ही उतरलीय, ही चढलीय. ऑर्गनवाल्याचा कान. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

मग तिनं बुटाच्या टाचेनं जमिनीवर रेघ ओढली. "पिनच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही. सासूसमोर जसं जात नाही तसं." सगळे मुकाट्यानं बाजूला झाले. आमच्याकडे सासूसमोर खरंच कुणी जात नाही.

पिन आणि कान यांच्यावरून तिनं खडूची एक सरळ रेघ मारली, एक टोक पिनवर, एक कानावर. पिन हलली की रेघ तुटणार. "चढव," ती म्हणाली. बाशीसाम्पा दांडा मारायला लागला, एका तालात, न घाईनं. दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला. रेघ तशीच. तिनं गॅस पेटवून कान तापवले, गोल गोल, एका जागी न थांबता. पुन्हा दाब. पुन्हा काही नाही. तिनं लोखंडी कांबीचं एक टोक पिनला लावलं आणि दुसरं स्वतःच्या कानाला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली.

मी म्हणालो, "काय म्हणतेय? माकडं कुठं मिळतात विचारतेय का?"

तिनं गॅस उचलला. पुन्हा तापवलं, पुन्हा चढवलं. काटा आता अशा जागी गेला की बाशीसाम्पानंच हात थांबवला आणि बायकोकडे बघितलं. सळ्या बारीक गुणगुणत होत्या. तिनं कांब खाली ठेवली, हात पुसले, माझ्याकडे आली, आणि म्हणाली,

"बा जेरे, आपण जरा बसता का?"

मी खरंच तिथल्या एका दगडावर बसलो. सिमुकोंडांनी मान फिरवली. ते न्गोनीही नाहीत आणि बेम्बाही नाहीत, पण या देशात राहणाऱ्याला असलं सगळं कळतं.

"अडकलेली पिन दाबाखाली कुरकुरते," ती हळू आवाजात म्हणाली. "शिव्या देते, पण बोलते. ही बोलतच नाहीये. आणखी दाब चढवला तर आपल्या यंत्राचा कान फाटेल. मला फाडता येत नाही असं नाही, पण फाटलेला कान घेऊन यंत्र भंगारातच जाईल. आपण समजून घ्या."

आपण, आपल्या, घ्या. एकेक शब्द काळजात रुतत होता. मी गोगोकडे बघितलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. इतक्या वर्षांत मी तिच्यावर बसून तीन मुलींची लग्नं केली, आईला पुरलं, भावाला पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच सीटवर असायचो. आता सकाळी उठून कुठं जायचं, हेच मला सुचेना.

"सोड," ती नवऱ्याला म्हणाली. त्यानं दाब सोडला. काटा खाली यायला लागला. ती सामान आवरायला वळणार इतक्यात थांबली. पिनपाशी गेली, खडूच्या रेघेवर नाक टेकेल इतकी वाकली.

"पुन्हा चढव."

त्यानं चढवला.

"सोड. सावकाश."

त्यानं सोडला.

"पुन्हा."

असं तिनं बऱ्याचदा करायला लावलं. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचा चेहरा बदलला.

"साहेब, इकडे या," ती सिमुकोंडांना म्हणाली. "रेघ बघा. दाब चढला की केसभर तुटते. दाब सोडला की परत जुळते. दिसलं? गंजानं धरलेली पिन अशी करत नाही. ती पुढं गेली तर गेलेल्या जागी बसते. ही परत येतेय. म्हणजे हिला गंजानं नाही, कुणीतरी आतून धरून ठेवलंय." मग ती माझ्याकडे वळली. "ए, ती खिळी कोणी काढली म्हणालास?"

ए. म्हणालास. माझा जीव भांड्यात पडला.

"चिशालानं."

"तू बघितलीस काढलेली?"

"मेसेज आहे ना."

"दाखव."

मी फोन काढून दिला. मी विचारलं होतं, खालची खिळी काढलीस का. खाली चिशालाचा एकच शब्द होता. मायलो.

ती फोनकडे बघत राहिली. मग तिनं तो नवऱ्याला दाखवला. बाशीसाम्पानं चष्मा वर करून वाचला, आणि त्याच्या खांद्यांना हसू फुटलं.

"आणि याचा अर्थ तू काय घेतलास?" तिनं मला विचारलं.

"काल. म्हणजे जायच्या आधी काढली."

"उंदीरखाऊ, मायलो म्हणजे उद्या."

"मायलो म्हणजे काल."

"दोन्ही! कालही मायलो आणि उद्याही मायलो. आमच्यात राहून म्हातारा झालास आणि एवढं कळत नाही?"

कळत होतं की. चांगलं कळत होतं. चिंगोल्याच्या बाजारातले दुकानदार हसमुखभाई मला एकदा म्हणालेही होते, त्यांच्या गुजरातीतही कालला आणि उद्याला एकच शब्द आहे, आणि त्यावरून उधारीवाले त्यांना जन्मभर फसवत आलेत. पण मी पडलो न्गोनी. आमच्या भाषेत काल वेगळा, उद्या वेगळा. बेम्बांचा हा शब्द मी ऐकतो तेव्हा मला जो हवा असतो तोच ऐकू येतो. आणि त्या दिवशी मला काम झालेलं हवं होतं.

तिनं चिशालाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. आधी काकाच्या मयताची चौकशी केली, माती कधी दिली, काकू कशी आहे, सगळं रीतीनं. मग विचारलं, "बाळा, खिळी?"

"मी कळवलंय की बा जेरेंना," पलीकडून बसचा खडखडाट आणि चिशालाचा आवाज आला. "मायलो येऊन काढतो म्हणून. कापिरीला पोचलोय आत्ता."

सिमुकोंडांनी कपाळावर हात मारून घेतला. मी दगडावरून उठलो आणि कुठं बघावं ते न कळून गोगोकडेच बघितलं.

"चूक माझी," बानासाम्पा म्हणाली, आणि ती थट्टेत म्हणत नव्हती. "भोकात बोट घालायला हवं होतं. आधी बोट, मग विश्वास. मी न्गोनीच्या तोंडावर विश्वास ठेवला, हे साम्पाला सांगितलं तर ती मला घरात घेणार नाही."

तिनं तारेचा आकडा करून भोकातलं ग्रीस आणि भुकटी ओढून काढली. आत वर, चांगली खोल, खिळी होती. तिच्या बुडाला एक नट वेल्ड केला, पाना लावला, आणि ती पिरगळत बाहेर काढली. बोटाएवढी ती. एवढीशी खिळी, आणि तिच्यामुळे माझी आजी भंगारात चालली होती. बानासाम्पानं ती माझ्या हातात ठेवली. "हे घे. मायलो."

वाटलं आता पिन सुळकन येईल. पण ती खरोखरच जाम होती, खिळी निघाली म्हणून गंज निघत नाही. फक्त आता ती बोलायला लागली. दाब चढला आणि आतून बारीक करकर ऐकू आली. मला तो आवाज इतका गोड लागला की काय सांगू.

"हं," बानासाम्पा म्हणाली, "आता शिव्या दे, बाई, हव्या तेवढ्या. साहेब, मेणबत्ती आहे?"

आमच्याकडे वीज अशी जाते की मेणबत्ती नसलेलं टेबल सापडणार नाही. सिमुकोंडा स्वतः पळत जाऊन घेऊन आले. तिनं कान सारखे तापवले आणि पिनच्या कडेला मेणबत्ती टेकवली. मेण वितळलं आणि बघता बघता आत शोषलं गेलं, जसं तहानलेलं माणूस पाणी पितं. जिथं ग्रीस इतके दिवस गेलं नाही तिथं मेण गेलं. पुन्हा गरम, पुन्हा मेण. मग तिनं दाब चढवायला सांगितला, मघापेक्षा पुष्कळ कमी, पंपाची चावी बंद केली, आणि हात धुवायला पाणी मागितलं.

"आता काय?" मी विचारलं.

"आता जेवण."

"अशी सोडून?"

"तिला एकटं सोडायचं. दाब आहे, मेण आहे, कान निवतायत. टक लावून बसलं की कुणालाच घरातून निघावंसं वाटत नाही."

म्हणून आम्ही रेघेच्या अलीकडे, झाडाखाली जेवायला बसलो. तिनं डब्यातून मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा काढली, सुकी कापेंटा मासळी टोमॅटोत शिजवलेली, आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. आम्ही गोल करून एकाच ताटात हात घातला. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. भंगारवाल्याचा ट्रेलर. ड्रायव्हर ऐसपैस बेम्बा गृहस्थ होता. तो उतरून आला, सगळ्यांची विचारपूस करून म्हणाला, "कापायचंय ते हेच का?" आमच्याकडे जेवणावर आलेल्या माणसाला उत्तर देण्याआधी हात धुवायला पाणी देतात. सिमुकोंडांनी पाणी दिलं. तो बसला आणि जेवायला लागला.

त्याच्या ट्रेलरवर कापायच्या गॅसच्या टाक्या उभ्या होत्या, आणि मी त्यांच्याकडेच बघत होतो.

"जेव," बानासाम्पा म्हणाली. "माकड नाहीये त्यात, कापेंटा आहे."

मी घास घेतला, आणि बंदुकीच्या गोळीसारखा आवाज झाला. झाडावरचे पक्षी उडाले. ट्रेलरवाल्याच्या हातातली न्शिमा ताटाबाहेर पडली. मी उठून उभा राहिलो. बानासाम्पानं ढुंकूनही बघितलं नाही. तिनं कापेंट्याचं शेपूट दातानं सोडवलं, चघळलं, आणि म्हणाली, "पहिलं पाऊल टाकलं तिनं. बसा. जेवण संपू दे."

मी आयुष्यात खूप मोठी माणसं बघितली. न्क्वालाच्या सणाला ढाली आपटत नाचणारे आमचे सरदार बघितले, जमिनीखाली आगीतून माणसं बाहेर आणणारे बघितले. पण अडकलेली पिन सुटल्याचा आवाज आल्यावर शांतपणे ताट पुसून खाणारं माणूस मी तेवढं एकच बघितलं. तिला खात्री होती म्हणून नाही. सगळं करून झालं होतं म्हणून. तिच्या हातून करायचं काहीच राहिलं नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की जणू ती आमच्याच घरची.

जेवण झाल्यावर बाशीसाम्पानं दांडा हातात घेतला. आता पिन दांड्याच्या प्रत्येक फेरीला बोटभर पुढं सरकत होती, कण्हत, पण सरकत. नळकांड्यात ती पूर्ण गेली तेव्हा चौघांनी मिळून खाली उतरवली. काळी, निळी, मध्ये तांबूस खवले, एका बाजूला मेणाची चकाकी. बानासाम्पानं रिकाम्या कानात हात घालून सगळीकडून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, "घाल हात."

मी घातला. आतून कान गुळगुळीत होता. कुठं ओरखडासुद्धा नाही.

"घाबरला होतास ना," ती म्हणाली. "आजीला बघ, काही लागलं नाही."

पुढचं काम बघायला तर ट्रेलरवालाही थांबला. जुना बुश ओढून काढला. नवा बुश तिनं आदल्या दिवशीच सिमुकोंडांकडून मागवून चिंगोल्यातल्या मासळीवाल्या बाईच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता, गारठून आक्रसावा म्हणून. तो ताज्या माशांचा वास घेऊन आला आणि जॅकच्या एका ढकलीनं जागेवर बसला. मग नवी पिन. तिला ग्रीस माखलं, भोकासमोर धरलं, आणि बानासाम्पानं नुसत्या तळहातानं आत सारली. एवढा मोठा जॅक, एवढी आग, आणि शेवटी तळहात. पिन आत जाताना ग्रीसचा ओला, सुखाचा आवाज आला.

मी सीटवर चढलो. गोगो खोकली, धूर सोडला, आणि मी हात उचलला. बूम वर, आर्म पुढं, आर्म मागं. किंचाळणं नाही, करकर नाही, काही नाही. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग इंजिन बंद केलं, खाली उतरलो, डोक्यावरची टोपी काढली, आणि आमच्याकडे थोरांसमोर करतात तसं गुडघ्यात वाकून टाळ्या वाजवत म्हणालो, "बानासाम्पा, आई, आपले उपकार..."

तिचा चेहरा पडला. तिनं झटकन नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जेरे? कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग असं का बोलतोस? काळीज थांबलं माझं."

"मघा माझं थांबलं होतं. फेड केली, माकडखाऊ."

तिनं हातातलं फडकं माझ्या तोंडावर फेकून मारलं. ग्रीसनं माखलेलं होतं. ते मी अजून ठेवलंय, धुतलेलं नाही.

ट्रेलरवाला आपल्या टाक्यांपाशी उभा राहून सगळं बघत होता. माणूस वैतागलेला नव्हता, पण किटव्याला रिकाम्या हातानं परत जायचं म्हणजे मालकाला काय सांगायचं याची त्याला काळजी होती. त्यानं सिमुकोंडांना विचारलं, "म्हणजे आज नाही. मग यंत्र न्यायला येऊ कधी?"

सिमुकोंडांनी माझ्याकडे बघितलं. हसू दाबत त्यांनी हातानंच खूण केली, तुम्हीच सांगा.

"मायलो," मी म्हणालो.

ट्रेलरवाल्यानं मान डोलावली. "मायलो सकाळी की दुपारी? मायलो तर रविवार आहे."

"तो मायलो नाही," मी म्हणालो. "दुसरा."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. बानासाम्पाला लागला नाही. ती खाली पडलेल्या जुन्या पिनवर मटकन बसली आणि पोट धरून हसायला लागली, इतकी की बाशीसाम्पाला तिच्या हातातून पाना काढून घ्यावा लागला.